जुना हब, नव्या तारा

प्रिय बारक्या,

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मला कळतं, पण दुसरं काही लिहायला गेले की हात अडतो. तुझ्या बायकोचं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, नाहीतर बाबा हाक मारतात, नाहीतर मीच उठते आणि झाडलेली फरशी पुन्हा झाडायला घेते. तू म्हणशील, दोन ओळी खरडायला हिला एवढं काय लागतं. लागतं रे बाबा. फार दमायला झालंय. हल्ली सकाळी दुकानाचं कुलूप काढतानाच वाटतं, की आजचा दिवस उरकलाय, आता फक्त बंद करायचं राहिलंय.

तिने सगळं कळवलंय. कामगार शाळेच्या मुख्य गुरुजींनी तुला सायकलची चाकं बांधायला शिकवण्याचं काम देऊ केलं, पक्की नोकरी, उजेडाची मोठी खोली, चाक चढवायचे बारा स्टँड, आणि तू म्हणालास विचार करून सांगतो. सोमवारपर्यंत सांगायचंय आणि तू नाही म्हणणार आहेस. ज्याच्या हातून एक बाई जन्माची अधू झाली त्याने दुसऱ्यांना काय शिकवायचं, असं म्हणालास म्हणे. त्यापेक्षा आगारात बस धुतो तेच बरं, तिथे आपल्या हातून कुणी पडत नाही. पुढे तिने लिहिलंय की तू सायकलला हातच लावत नाहीस. लेकीच्या सायकलचं साधं पंक्चर असलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतोस, आणि ती परत आली की हात मागे बांधून, लांबून, तिचं चाक फिरताना बघत उभा राहतोस. ‘ताई, त्या वेळी त्यांची बोटं मागच्या मागे हलत असतात, त्यांना स्वतःला ते कळत नाही,’ अशी तिची ओळ आहे. तिथे मी पत्र घडी करून ठेवलं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं.

ते गुरुजी तुझ्यापर्यंत पोचले ते माझ्यामुळे, हे तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ सायकल हातात धरून दुकानात आले आणि म्हणाले, ही दोन चाकं तुमच्याकडे बांधली होती, बावीस वर्षं झाली, एकदाही डुलली नाहीत, आउट काढावा लागलेला नाही, बांधणारा कोण ते सांगा. मी चाकांकडे नुसतं बघितलं. हवेच्या नळीच्या भोकासमोर मधल्या हबवरची अक्षरं आणून ठेवायची खोड आपल्याकडे एकालाच होती. मी सायकल उलटी करून पुढचं चाक फिरवलं. ब्रेकच्या रबरापाशी नजर लावून बसले, कुठे केसभर तरी डुलेल म्हणून. नाही डुललं. मेल्या, तुझं काम बघून मला आनंद व्हायला हवा होता ना? मी सायकल गडबडीने सुलटी करून ठेवली. गुरुजी तुझ्याच गावचे निघाले, तुझ्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहतात. मी कागदावर तुझा पत्ता लिहून दिला.

दुकानाचं म्हणशील तर चाललंय आपलं रडतखडत. आता तयार चाकं येतात, यंत्रावर बांधलेली, खोक्यात भरलेली. जुनं चाक वाकलं की लोक म्हणतात, नवंच टाका, कशाला खटपट. हाताने बांधायला महिन्याला दोन आली तर डोक्यावरून पाणी. तेही बरंच म्हणायचं, कारण तारांची चावी फिरवून फिरवून माझा अंगठा मुळापासून गेलाय. सकाळी चहाचा कप धरताना दोन्ही हात लावावे लागतात. बाबांना आता नीट दिसत नाही, पण दारातल्या खुर्चीत बसून ते अजून कारभार बघतात. कुणाची सायकल पुढून गेली की सांगतात, हिचे छर्रे कोरडे पडलेत, त्याची साखळी सैल आहे. बहुतेक वेळा बरोबर असतं. बहुतेक वेळा ते गिऱ्हाईकालाच ओरडून सांगतात, मग मला जाऊन गोड बोलावं लागतं.

परवा त्यांना जेवायला वाढताना मला आपण दोघं शिकत होतो ते दिवस आठवले. तू सोळाचा, मी बावीसची. ते मधे बसायचे आणि आपल्याला एकेक हब द्यायचे. तू उजव्या हाताचा, तुझं सगळं त्यांच्यासारखं. मी डावरी, त्यामुळे ते जे दाखवायचे ते मला आरशात बघितल्यासारखं उलटं करावं लागायचं. चार दिवसांनी ते वैतागले आणि म्हणाले, तुला जमेल तसं धर, चाक गोल झाल्याशी कारण. मग मी माझ्या पद्धतीने धरलं आणि तुझ्यापेक्षा भरभर बांधायला लागले. तुला दीड तास लागायचा, मला चाळीस मिनिटं. मी तुला किती चिडवायचे, आठवतं? गोगलगाय म्हणायचे, चाक बांधतोयस की लग्न जमवतोयस म्हणायचे. तू हसायचास आणि पुन्हा पहिल्या तारेपासून एकेक तपासत यायचास.

एका बाबतीत मात्र बाबांनी मला कधी सूट दिली नाही. नवा हब कसाही धरला तरी चालतो, पण जुना हब असला की आधी त्याची भोकं बघायची. तारांनी इतकी वर्षं ओढून धरलेलं असतं, त्यामुळे हबच्या दोन्ही कडांना जी भोकं असतात त्यांत एका बाजूला खाच पडलेली असते. रिंग नवी घाला, तारा नव्या घाला, पण प्रत्येक तार जुन्या खाचेतच, जुन्याच दिशेला ओढली गेली पाहिजे. एक भोक जरी पुढे-मागे झालं तरी सगळ्या तारा उलट्या बाजूला ओढतात, कड दोन्हीकडून कापली जाते आणि एक दिवस फाटते. मी हब उलट्या हाताने धरायची, म्हणून माझी पहिली तार हमखास शेजारच्या भोकात जायची. त्यासाठी त्यांनी मला लाल रंगाची बाटली आणून दिली होती. जुन्या तारा तोडायच्या आधी पहिल्या भोकापाशी ठिपका द्यायचा, मगच पक्कड लावायची. तुला ठिपक्याची गरज नव्हती, तरी तू माझ्या जोडीला म्हणून द्यायचास.

आता टपालबाईंकडे येते. येणारच होते, टाळून टाळून किती टाळणार. एका शनिवारी त्या पुढचं चाक घेऊन आल्या होत्या, खड्ड्यात आपटून रिंग वाकलेली, हब चांगला. सोमवारी सकाळी त्यांना टपाल वाटायला सायकल हवीच होती. त्या बाकावर बसल्या, मी त्यांना चहा दिला आणि फुशारकी मारली की तुमचा चहा संपायच्या आत चाक उभं करते. चहा संपला नाही खरा, कारण त्यांना बोलायला फार आवडायचं. चाक मी बांधलं, आउट काढला. मग तू हब उघडलास, जुनं ग्रीस पुसलंस, छर्रे बदललेस, ते दाबून धरणारे दोन्हीकडचे कोन आवळलेस. तीन आठवड्यांनी, टपाल कचेरीच्या उतारावर, पुढची पिशवी भरलेली असताना ते चाक मोडलं. त्यांचा उजवा खांदा आणि कोपर, दोन्ही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, चाक एकदम अडकलं. तू बाहेरच्या बाकावर चार दिवस बसून होतास, कुणी ऊठ म्हटलं तरी उठायचा नाहीस.

चाक अडकलं म्हणजे हब जाम झाला आणि हब जाम झाला म्हणजे कोन जास्त आवळले गेले, असं सगळ्यांनीच धरलं. तुझा हात घट्ट, हे बाबा सदा म्हणायचे. त्यांनी मोडकं चाक मागच्या अंगणात नेलं, अर्ध्या तासाने परत आले आणि म्हणाले, कोनच. मग त्यांनी खिळा ठोकला आणि स्टँडच्या वरच्या भिंतीवर ते चाक टांगलं. घाईच्या हाताचं काय होतं ते रोज दिसलं पाहिजे, म्हणाले. घाईचा हात! तुझा! मी तिथेच उभी होते. अकराव्या दिवशी तू कपड्यांची एक पिशवी घेऊन निघालास. हत्यारांना हात लावला नाहीस, स्वतःची चावीसुद्धा खणात ठेवून गेलास. मी तुला बसपर्यंत सोडायला आले आणि आपण दोघं हवापाण्याबद्दल बोललो.

त्यानंतरची वर्षं त्या चाकाखाली गेली. टपालबाईंचा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांना वाटपावरून काढून पत्रं लावायच्या टेबलाशी बसवलं, तिथूनच त्या निवृत्त झाल्या. अजून महिन्यातून दोनदा दुकानात येऊन बसतात. केस विंचरायला शेजारणीला बोलवावं लागतं, हे मला दर वेळी सांगतात. तुझं नाव काढत नाहीत, ‘तो’ म्हणतात. त्याचं बरं आहे ना, म्हणतात, आणि वर भिंतीकडे बघतात. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे काय टांगलंय हो, की बाबा अख्खी कथा सांगतात. मी मान खाली घालून कुणाच्या तरी चाकाच्या तारा मोजत राहते. छत्तीस असतात रे, मोजायची काही गरज नसते.

तुझ्या बायकोचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा झोपले होते तेव्हा, मी शिडी लावली आणि चाक खाली काढलं. धुळीने हात काळे झाले. आधी तुझं काम उघडलं. ग्रीस मेणासारखं कडक झालं होतं, ते रॉकेलमध्ये भिजवून कापडाने पुसलं. दोन्हीकडे दहा-दहा छर्रे, एकावरही डाग नाही. कोन गुळगुळीत, छर्र्यांच्या वाट्या गुळगुळीत, कुठे घासल्याची रेघ नाही. कोन जास्त आवळला तर वाटीत खळगे पडतात, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या कोनात खोट नव्हती. नवे छर्रे न घालता, नुसतं ग्रीस भरून मी मधला आस पुन्हा बसवला आणि बोटांनी फिरवला, तर आवाज नाही, अडखळणं नाही. असं काम मला आजही सलग दहा वेळा जमायचं नाही. कळलं का तुला मी काय सांगतेय? तुझा हात घट्ट नव्हता. बरोबर होता.

मग मी चाक उलटं केलं. बाबांनी ते टांगताना जी बाजू भिंतीकडे केली होती ती. तिकडची कड चार भोकांपाशी फाटलेली आहे. फाटलेला तुकडा तारांना अजून लटकतोय. भोकाभोकात दोन-दोन खाचा आहेत, एक जुनी, खोल, आणि तिच्या उलट बाजूला एक नवी, उथळ. कड फाटली, तारा सुटल्या, रिंग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला जाऊन भिडली, म्हणून चाक अडकलं. कोनांचा त्यात काही संबंध नव्हता. आणि त्या हबवर लाल ठिपका नाही. कुठेच नाही. चाक कुणी बांधलं होतं ते तुला आठवत असेल.

बाबांना मी दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. म्हटलं, ते चाक माझ्यामुळे मोडलं, त्याच्यामुळे नाही. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, मला माहीत आहे. मागच्या अंगणात अर्धा तास काय करत होतो असं तुला वाटतं? मी म्हटलं, मग पोराला का हाकललंत? ते म्हणाले, हाकललं नाही, गेला तो. मी ओरडलेच. पन्नाशीच्या बाईने ऐंशीच्या बापावर ओरडू नये, पण ओरडले. मग ते हळू आवाजात म्हणाले, त्याला कुणीही कामावर ठेवलं असतं, तुला कुणी ठेवलं नसतं. बाईने बांधलेलं चाक मोडलं एवढं एकदा गावभर झालं असतं, की तुझ्याकडे कुणी पंक्चरसुद्धा आणलं नसतं. दोघांतलं एकच वाचत होतं, म्हणाले. वर मला विचारतात, आमटी अजून आहे का. मी वाढली. काय करणार? त्यांच्यावर चिडायचं म्हटलं तरी अंगात तेवढं बळ उरलेलं नाही. पण बारक्या, त्यांनी तुला विचारलं नाही, मला विचारलं नाही, आणि रोज त्या चाकाखाली बसून लोकांना तुझी गोष्ट सांगत राहिले, हे मला पचत नाही.

टपालबाईंना मी बोलावून घेतलं. चाक पुढ्यात ठेवलं आणि सगळं दाखवलं, भोकं, खाचा, फाटलेली कड. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण मी बांधलं होतं एवढं कळलं. मग म्हणाल्या, एकवीस वर्षं मी त्या पोराच्या नावाने बोटं मोडली, तुझ्याच हातचा चहा पीत, आणि तू ऐकून घेतलंस? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी कप तसाच बाकावर ठेवला, डाव्या हाताने पदर सावरला आणि गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, त्याला कळव, मी त्याला बोल लावला तो मागे घेतला. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. येतील असं मला वाटतही नाही.

आता राहिलेलं सांगते. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन इथे येऊन थांबली, मी खाली सही केली आणि नंतर फाडून टाकली, कारण तिन्हींत मी तुला भासवलं होतं की माझी चूक मला आत्ता, शिडीवर चढल्यावर कळली. तसं नाही. मोडकं चाक उतारावरून आणायला मीच गेले होते. चाक खांद्यावर टाकून येताना वाटेतल्या नळापाशी हात धुवायला थांबले, चाक कट्ट्यावर आडवं ठेवलं आणि फाटलेली कड बघितली. दोन-दोन खाचा मला तेव्हाच दिसल्या. बोट लावून बघितलं, पुन्हा बघितलं. तिथून दुकान पंधरा मिनिटांवर होतं आणि त्या पंधरा मिनिटांत मी ठरवलं की बोलायचं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, माझ्याकडून चाक नीट गेलं होतं, पुढचं त्याने केलं. तू बाजूलाच होतास. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तू म्हणालास, ताई म्हणते म्हणजे तसंच असणार. बारक्या, मी तुला एका शब्दाने थांबवू शकले असते. तू गेलास म्हणून हे दुकान मला मिळालं, तू परत आला असतास तर गेलं असतं, म्हणून मी तुला कधी ये म्हटलं नाही. मला भीती वाटली, आणि भीती ओसरली तेव्हा सवय झाली होती. माफ कर असं लिहायला हे पत्र लिहिलेलं नाही, ते तुझं तू बघ, नाही केलंस तरी मी तक्रार करणार नाही. हे लिहिलंय ते सोमवारसाठी. चाक आज सकाळच्या बसने पार्सल केलंय, शुक्रवारी तुमच्या आगारात पोचेल, पावती सोबत आहे. फाटलेल्या बाजूला काही केलेलं नाही, आहे तशीच आहे. चाक उजेडात घे, स्वतःच्या डोळ्यांनी भोकं बघ, स्वतःच्या बोटांनी आस फिरव, आणि मग गुरुजींना काय सांगायचं ते ठरव. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. एकदा ठेवलास, तेवढा पुरे झाला.

तुझीच,
ताई